अर्थिंग

बटण दाबलं की लाल दिवा लागतो
आणि दिव्याबरोबर तो येतो: घूंऽऽ
माशीचा नाही, पिठाच्या गिरणीचाही नाही,
कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उशाशी घेऊन निजावं, तसा.

बटण बंद, घूं बंद. पण मग माइकही मुका.
अठ्ठेचाळीस व्होल्ट पाजल्याशिवाय
हा गडी कुणाचं ऐकूनच घेत नाही.

तासगावात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला लागून,
अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला ठोकून केलेला माझा स्टुडिओ.
समोर स्टुलावर दस्तगीर नदाफ, भंगारवाले.
हातात वहीचं पान, पानावर दोन ओळी:
लोखंड, पत्रा, तांबं, पितळ, जुनी बॅटरी.
मोडकं द्या, रोख घ्या.
टेम्पोवर लावायला स्वतःचाच आवाज हवा होता त्यांना.
"भाड्याचा आवाज सगळ्यांच्याच गाडीवर हाय," म्हणाले.

केबल बदलली.
मग दुसरी. मग ती, जी मी कुणाला हातही लावू देत नाही.
सोल्डर बघितलं, पिना पुसल्या,
चॅनेल एकचा दोन केला, दोनाचा परत एक.
पंखा बंद केला. एप्रिल होता.
ट्यूब बंद केली, दोघांचे मोबाइल बाहेर पायरीवर ठेवले.
लॅपटॉपचा चार्जर उपसला तेव्हा तो जरा दबला,
मास्तर दारात दिसल्यावर वर्ग दबतो तेवढाच.

मग सहज माइकच्या अंगाला बोट लावलं.
थांबला.
बोट काढलं. घूंऽऽ
म्हणजे जमिनीपर्यंत जायला त्याला
माझ्याशिवाय वाट उरली नव्हती.

दस्तगीरभाईंनी टोपी काढून घाम टिपला.
"आमच्या कर्ण्यात एवढं कुठं कळतंय? ऱ्हाऊ द्या की."
मला राहू देता येईना.
तीनशे रुपयेच घेतो मी, पण त्यात घूं देत नाही.

मागच्या बोळात गेलो. तिथं अर्थिंगचा खड्डा,
शिरतोडे वायरमननं मीठ-कोळसा घालून भरलेला.
भिंतीवरून उतरणारी तार
गुडघ्याच्या उंचीवर येऊन संपली होती.
टोकावर पक्कडीचे दोन दात.

"चोरली," मी म्हणालो.
"आठ नंबरची," दस्तगीरभाई म्हणाले.
टोकावरून अंगठा फिरवला, बराच वेळ.
मग न बोलता टेम्पोकडं गेले.
पोत्यात हात घातल्याचा खळखळाट ऐकू आला,
थांबला, परत आला.
ते आले तेव्हा हातात तारेचं एक वेटोळं होतं,
त्याच्याही एका टोकाला दोन दात.

मी त्यांच्याकडं बघितलं नाही.
"मी रातचं घेत न्हाई कुणाचं,"
ते तारेला म्हणाले.
थोड्या वेळानं, "पोरगं घेतंय कधीमधी."

जोड त्यांनीच दिला. पक्का, तीन पिळांचा.
खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं,
मातीनं ते आवाज करत पिऊन टाकलं,
तिसरी मागितली.

लाल दिवा.
घूं नाही.
आता माइकला बाकीचं ऐकू यायला लागलं:
भिंतीपलीकडं बेदाण्याची खोकी सरकवणारं कुणीतरी,
स्टुलाचा एक सैल पाय,
दस्तगीरभाईंचा श्वास, श्वासात बारीक शिट्टी.

"बोला," मी हातानं खूण केली.

लोखंड, पत्रा...
पानावरचा अंगठा थोडा सरकला.
पितळ, जुनी बॅटरी.
मोडकं द्या, रोख घ्या.

परत म्हणा, असं मी म्हणालो नाही.
फाइलला नाव दिलं, पेन ड्राइव्ह काढून दिला.
ते दारात थांबून म्हणाले,
"त्या खड्ड्यात पानी घालत जावा अधनंमधनं."